पट्टीत बसवलेला आवाज

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळात नवीन माणूस भेटला की तो आधी आपलं गाव विचारतो आणि लगेच म्हणतो, "आयटीत का?" एकोणतीस वर्षं मी त्यावर "नाही, तबकड्या धुते" असं उत्तर देत आले. समोरचा हसायचा, मला विनोदी समजायचा आणि समोशांच्या रांगेकडे वळायचा. आमचे हे जरा सावरून घ्यायचे. "ती म्युझिकमध्ये आहे," म्हणायचे. त्याचा परिणाम असा व्हायचा की पुढच्या कार्यक्रमात माझ्या नावावर दोन भावगीतं लागायची. म्हणून यंदा दिवाळी अंकासाठी "तुमच्या कामाबद्दल लिहा" असा निरोप आला तेव्हा ठरवलं, एकदाच नीट सांगून टाकू. शिवाय एक कबुलीही द्यायची आहे आणि ती चार लोकांत दिलेली बरी.

तबकड्या मी खरोखरच धुवायची. पार्सिपनीपासून अर्ध्या तासावर, एका गालिच्याच्या दुकानाच्या मागे आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे मालक सॅल, मी आणि हिवाळ्यात बंद पडणारा हीटर. जुन्या, विसरल्या गेलेल्या रेकॉर्डी शोधायच्या, त्यांतला आवाज काढून साफ करायचा आणि नव्याने बाजारात आणायचा, हा धंदा. त्यातही सॅलचा जीव एकाच प्रकारावर होता. त्याला डू-वॉप म्हणतात.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, नोकरी लागली तेव्हा मीही ऐकलं नव्हतं. सत्तरएक वर्षांपूर्वी इथल्या शहरांत चार-पाच पोरं जमायची, बहुतेक काळ्या वस्तीतली, काही इटालियन. वाद्य घ्यायची ऐपत नसायची. मग शाळेचा जिना, पुलाखालची जागा, जिथे आवाज घुमेल तिथे उभं राहायचं. एक जण गाणं म्हणणार, एक जण खर्जात तोंडानेच बास वाद्याचं काम करणार, आपण तबल्याचे बोल म्हणतो तसले अर्थ नसलेले शब्द म्हणत. बाकीचे मागे नुसते ऊ आणि आ लावून धरणार. कुणीतरी त्यांना एका दुपारी स्टुडिओत न्यायचं, एक रेकॉर्ड निघायची, काहीशे प्रती गाडीच्या डिकीतून विकल्या जायच्या आणि संपलं. पोरं पुढे पोस्टमन झाली, बस चालवायला लागली. रेकॉर्डवर फक्त ग्रुपचं नाव. कोण कुठला आवाज लावतंय हे कुणी लिहून ठेवलं नाही. आमचं निम्मं काम ती माणसं शोधण्याचं होतं. चर्च, न्हाव्याची दुकानं, बस ड्रायव्हरांची युनियन, सगळीकडे फोन. "तुम्ही सोळाव्या वर्षी गात होतात का?" असं एका अनोळखी बाईने भारतीय उच्चारात विचारलं की लोक आधी फोन ठेवायचे.

उरलेलं निम्मं काम माझ्या टेबलावर चालायचं. तबकडी शुद्ध पाण्याने, मऊ ब्रशने धुवायची. खाच किती झिजली आहे ते बघून सुई निवडायची, कारण झिजलेल्या वरच्या भागाखाली न झिजलेला थर असतो आणि योग्य सुई तिथवर पोचते. मधलं भोक जरा जरी बाजूला पडलेलं असलं तरी सूर झोके घेतो, तो सांभाळायचा. मग सगळ्यात नाजूक गोष्ट, वेग. रेकॉर्डवर मिनिटाला पंचेचाळीस फेरे असं लिहिलेलं असतं, पण मूळ यंत्र खरंच त्याच वेगाने फिरत होतं याचा भरवसा नसतो. वेग चुकला की सूर चढतो किंवा उतरतो, आणि माणसाचा आवाजही बदलतो.

इथे मी राणी होते. मिरजेला आमच्या गाण्याच्या बाईंनी सात वर्षं माझ्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. पट्टी सोडायची नाही. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे जो लोंबकळतो तो बेसूर. माझी पेटी मी ऑफिसात टेबलाखाली ठेवली होती. रेकॉर्ड लावायची, पेटीवर बोट ठेवायचं आणि सॅलला सांगायचं, "ही काळी दोनमध्ये आहे, वेग इतका कमी कर." त्या रेकॉर्डींत बहुधा मागे पियानो असायचा, पियानो पट्टीत लावलेला असायचा, त्यामुळे माझं उत्तर बरोबर यायचं. सॅल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हिच्या कानात मशीन आहे." मला ते खोटं वाटत नसे, हे आधीच सांगून टाकते.

अशा दिवसांत वॉल्ट आला. पेनसिल्व्हेनियातला निवृत्त प्लंबर, डू-वॉपच्या रेकॉर्डी जमवणारा. पाच तास गाडी चालवून आला आणि रेकॉर्ड मांडीवर घेऊन माझ्या खोलीत बसला. ग्रुपचं नाव किलडियर्स. त्या काळात ग्रुपांना पक्ष्यांची नावं ठेवायची टूम होती. किलडियर म्हणजे आपल्या टिटवीची इथली चुलत बहीण. नेवार्कमधल्या पाच पोरांचा हा ग्रुप, त्यांची एकच रेकॉर्ड आणि तिची जगात माहीत असलेली एकच प्रत, ती वॉल्टच्या मांडीवर. मी ती धुवायला मागितली.

"धुवायची नाही," वॉल्ट म्हणाला.

"धूळ आहे हो तिच्यावर."

"धूळसुद्धा त्याच काळातली आहे."

एक तास वाद घातला, मग न धुता लावली. पियानो नाही, काहीच नाही. पाच पोरं जिन्यात उभी असल्यासारखी गात होती आणि मुख्य आवाज असा की मी सुई उचलायला विसरले. पेटीवर बोट ठेवलं तर सूर काळी चार आणि तिच्या शेजारची पांढरी सहा यांच्या बरोबर मधे लोंबकळत होता. म्हणजे वेग चुकलाय. मी वेग वाढवला आणि गाणं पांढरी सहामध्ये नेऊन बसवलं. स्वच्छ, चकाचक. खाली विजेची भुणभुण होती ती गाळून टाकली. गाणाऱ्याचे श्वास मोठे ऐकू येत होते, तेही एकेक करून कापले. वॉल्टने शेवटी ऐकलं, मान हलवली आणि रेकॉर्ड मांडीवर घेऊन परत गेला.

गायक शोधताना पाचांपैकी एक सापडला, बाल्टिमोरमधला रेमंड. त्याने फोनवर ऐकलं आणि हरखून गेला. "हा मी," म्हणाला. आवाज उंच, पातळ, कोवळा होता आणि रेमंडही ग्रुपमधला उंच आवाजाचाच. सीडी निघाली, आत छापलं, मुख्य गायक रेमंड. जुन्या गाण्यांचे कार्यक्रम होतात तिथे त्याला बोलावणी यायला लागली.

दोनेक महिन्यांनी ऑफिसात एक जोडपं आलं. बाई अर्नेस्टिन, टोपी घालून, चर्चला निघाल्यासारख्या. त्यांचे यजमान क्लिफर्ड, निवृत्त बस ड्रायव्हर. कर्करोगामुळे त्यांची स्वरपेटी काढली होती. मानेत श्वासासाठी भोक होतं आणि बोलायचं झालं की ते गळ्याला एक छोटं यंत्र टेकवायचे, मग एकाच सुरातला यंत्राचा आवाज यायचा. अर्नेस्टिनबाई म्हणाल्या, "ते गाणं यांनी म्हटलंय. लग्नाच्या आधीपासून मला माहीत आहे. आमच्याकडची रेकॉर्ड घराला आग लागली त्यात गेली. पन्नास वर्षं यांनी ऐकलेलं नाही."

मी त्यांना चांगल्या खुर्चीवर बसवलं आणि लावलं. क्लिफर्ड डोळे मिटून ऐकत होते. पहिलं कडवं झालं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. गाणं संपेपर्यंत ते माझ्या स्पीकरकडे बघत राहिले. मग यंत्र गळ्याला लावलं.

"हा मी नाही."

"क्लिफ?" अर्नेस्टिनबाई म्हणाल्या.

"मला वाटत होतं मी असेन."

मला त्यांची कीव आली, खोटं कशाला सांगू, आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं, कारण सीडी छापून झाली होती. मी मनात म्हटलं, म्हातारपणी लोकांना काय काय आठवतं. दिवाळी नुकतीच झाली होती. मी त्यांना बेसनाच्या लाडवांचा डबा देऊन पार दारापर्यंत सोडायला गेले.

याला बारा वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. मागच्या हिवाळ्यात घरी बसून, नवीन हेडफोन लावून, मी आपलीच जुनी कामं ऐकत होते. निवृत्त माणसाला आपलीच पाठ थोपटायला वेळ असतो. किलडियर्सचं गाणं लागलं. गाणं सुरू होण्याआधी एक क्षण शांतता आहे, त्या शांततेत मला अगदी बारीक भुणभुण ऐकू आली. माझ्या गाळणीतून निसटलेली.

ही भुणभुण काय ते सांगते. जुन्या फ्रिजला कान लावला तर जो आवाज येतो, तोच. भिंतीतली वीज सेकंदाला ठरावीक वेळा थरथरते आणि स्टुडिओच्या यंत्रांतून ती थरथर रेकॉर्डवर उतरते. भारतात ती पन्नास असते, अमेरिकेत साठ. सगळ्या देशभर साठ, तेव्हाही आणि आजही. पेटी लावणारा चुकेल, गाणारा चुकेल, पण भिंतीतली वीज साठच राहणार. माझ्या सीडीवर ती मी मोजली तर चौसष्ट, म्हणजे तिच्यासकट सगळं गाणंच पळत होतं.

मी तीनदा मोजली. चौसष्ट म्हणजे सा म्हणायचा तिथे कोमल रे. माझ्या पांढरी सहाच्या नादात मी तर वेग वाढवला होताच, पण तेवढ्याने चार वाढत नाहीत, म्हणजे मूळ रेकॉर्ड बनवणाऱ्यांनीही ती आधीच पळवलेली असणार. पोरं कोवळी वाटावीत, गाणं चटपटीत व्हावं म्हणून तेव्हा असं करायचे, हे मला माहीत होतं. पोरांनी जिन्यात कुठल्या पेटीला विचारून सूर लावला होता? खर्जवाल्याने जिथून सुरुवात केली तीच त्यांची पट्टी. वेग खरा सांगणारा एक साक्षीदार त्या तबकडीवर होता, आणि घाण समजून मी त्यालाच गाळून टाकलं होतं.

घरी मला दुसरं काही सुचेना. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ क्रेडिट." तिला म्हटलं, एका माणसाचा गळा डॉक्टरांनी काढला, उरलेला आवाज मी काढून घेतला, आणि तोसुद्धा त्याच्याच तोंडून "हा मी नाही" असं वदवून.

सॅलला गाठलं. तो अजून गालिच्याच्या दुकानामागेच आहे. म्हणाला, "नाव बदलायला माझी हरकत नाही. पण रेमंड हो म्हणायला हवा. दोन म्हाताऱ्यांच्या भांडणात मी पडणार नाही."

"मूळ फाइल दे. नीट करून दोघांना ऐकवते."

"मूळ फाइल तूच पुसली होतीस. साफ केलेली चांगली आहे म्हणालीस."

हेही खरं निघालं. सीडीचाच वेग कमी करून भागलं असतं, पण त्यातले श्वास मी कापलेले होते आणि आवाज घासून गुळगुळीत केला होता. क्लिफर्डना मी एकदा चुकीचं ऐकवलं होतं, दुसऱ्यांदा जवळपास बरोबर ऐकवणार नव्हते. तबकडीच हवी होती. वॉल्टचा जुना नंबर बंद. अकरा दिवस फोन केले तेव्हा कळलं की तो आता ओहायोच्याही पलीकडे, शॉमबर्गला मुलीकडे राहतो, रेकॉर्डींसकट.

"फ्लाइट घेऊ या ना," आमचे हे म्हणाले. "तेरा-चौदा तास ड्राइव्ह करायचं म्हणजे काय गंमत आहे का यार?"

"टर्नटेबल मी चेक-इनला देणार नाही."

"मग ते मागच्या सीटवर आणि मी पुढे, असं ना?"

"हो. आणि त्याला बेल्ट लावा."

वाटेत ओहायोत एक मुक्काम करून आम्ही गेलो. वॉल्ट आता नव्वदीकडे झुकलाय, पण रेकॉर्ड मांडीवर घेऊनच बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, पांढरी सहासकट. त्याला मुळीच नवल वाटलं नाही.

"तुमच्या सीडीतली पोरं घाईत होती," तो म्हणाला.

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"इंजिनिअर तुम्ही होता. मी प्लंबर."

त्याने तबकडी पुढे केली, पण सोडली नाही. "धुवायची नाही."

"धुळीला हात लावत नाही," मी म्हटलं. या वेळी वाद घालायला मला तोंड नव्हतं.

त्याच्या मुलीच्या जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. पेटी मी मुद्दाम घरी ठेवली होती. आधी फक्त भुणभुण लॅपटॉपच्या पडद्यावर घेतली. तबकडी पंचेचाळीसच्या वेगाने फिरत असताना ती बासष्टच्या जरा वर होती. वेग थोडा थोडा उतरवत गेले, आकडा साठवर येऊन बसला, आणि मग गाण्याकडे कान दिला. आवाज पिकला होता. छाती असलेला, जरा खरखरीत, घाई नसलेला. सूर काळी चारच्याही किंचित खाली लागला होता, कुठल्याच पट्टीत नाही. आणि प्रत्येक ओळीआधी मोठा श्वास. मला रडू आलं. वॉल्टच्या मुलीने टिश्यूचा डबा आणून ठेवला. मी एकही श्वास कापला नाही, काहीच गाळलं नाही.

परतल्यावर अर्नेस्टिनबाईंना फोन केला. बारा वर्षांनी आपण कोण हे कसं सांगावं या विचारात होते, तर त्याच म्हणाल्या, "तुम्ही त्या मिठाईच्या डब्यावाल्या."

"हो. माझी चूक झाली होती."

"मिठाई चांगली होती," त्या म्हणाल्या. "चूक मला माहीत होती."

क्लिफर्ड आहेत का, हे विचारायला मी घाबरत होते. ते होते. त्या दिवसानंतर त्यांनी घरात गाण्याचा विषय काढला नव्हता, नातवंडांनी विचारलं तरी हात झटकायचे, असं त्या म्हणाल्या. त्यांनी मला रविवारी चर्चनंतर यायला सांगितलं.

नेवार्कला त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी छोटे स्पीकर मांडले. आधी माफी मागितली. कशी चूक झाली तेही सांगितलं, वीज, पट्टी, सगळं. क्लिफर्ड सत्त्याऐंशीचे, फार बारीक झालेले. त्यांनी "लावा" अशी खूण केली. बहुधा मला लवकर घालवायचं होतं.

गाणं सुरू झालं. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, पण अर्नेस्टिनबाईंनी माझ्या हाताला स्पर्श करून त्यांच्या छातीकडे दाखवलं. स्पीकरमधला मुलगा श्वास घ्यायचा तिथे त्यांची छाती वर यायची. प्रत्येक ओळीला. मधे एका ठिकाणी तो मुलगा शब्द तोडून, नको तिथे श्वास घेतो. तिथेही ती वर आली. गाणं संपल्यावर त्यांनी यंत्र उचललं, गळ्याला लावलं आणि नुसतंच धरून ठेवलं. मग म्हणाले, "हा मी." अर्नेस्टिनबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे त्यांनी बराच वेळ नळ सोडून ठेवला.

त्यानंतर क्लिफर्डनी जे विचारलं ते मला सगळ्यात अवघड होतं.

"रेमंडला माहीत आहे?"

"नाही. त्यांनी हो म्हटल्याशिवाय सॅल नाव बदलणार नाही."

"लाव त्याला फोन. मी इथे आहे हे सांगू नकोस. नुसतं ऐकव."

मी फोन टेबलावर स्पीकरवर ठेवला. रेमंडने मला आवाजावरून ओळखलं. म्हटलं, एक रेकॉर्ड ऐकवायची आहे, पूर्ण ऐका आणि कोण गातंय ते सांगा. गाणं त्या खोलीत पुन्हा वाजलं. क्लिफर्ड फोनकडे बघत होते, अर्नेस्टिनबाई दारात हात पुसत उभ्या होत्या. मला वाटत होतं, हा माणूस आता फोन ठेवणार. बारा वर्षं लोकांनी उभं राहून त्याला टाळ्या दिल्या होत्या.

गाणं संपलं.

"हा क्लिफर्ड," रेमंड म्हणाला. "तो नेहमी तिथे शब्द तोडायचा. आम्ही किती ओरडायचो त्याला." मग म्हणाला, "तो तिथेच आहे का?"

क्लिफर्डनी यंत्र लावलं. "आहे."

"क्लिफ, देवाशपथ, मला ऐकवलं तेव्हा मला माझाच वाटला होता."

"मला ऐकवलं तेव्हा मलाही तुझाच वाटला."

दोघांनाही ऐकवणारी मी तिथेच बसले होते. दोघांपैकी कुणीही माझं नाव घेतलं नाही. रेमंड म्हणाला, नाव बदला, उद्याच बदला, मी सॅलला सांगतो. मला वाटलं, झालं. मी वायर गुंडाळायला हात घातला.

"बाई," फोनमधून रेमंडने विचारलं, "मग मी कुठे आहे?"

एवढा खटाटोप केला, चौदा तास गाड्या चालवल्या, पण त्या तबकडीत दुसरा कुठला आवाज शोधावा असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी क्लिफर्डकडे बघितलं. त्यांनी यंत्र मांडीवर ठेवलं आणि एक बोट छताकडे केलं. वर. सगळ्यांच्या वर.

मी गाणं सुरुवातीपासून लावलं आणि क्लिफर्डचा आवाज सोडून ऐकायला लागले. होता. त्यांच्या मागे, सगळ्यात वरच्या जागी, एकच ऊ धरून ठेवलेला एक बारीक, स्थिर आवाज. तो नसता तर खालचे चौघं उघडे पडले असते.

"शब्द सोडा," मी फोनमध्ये म्हटलं, "सगळ्यात वरचा धरा."

रेमंडने धरला. शेवटपर्यंत सोडला नाही.

"सापडलो," तो म्हणाला. "पुन्हा लावता? आता मला क्लिफर्ड ऐकायचा नाहीये."

मी पुन्हा लावलं.